माळ्यावरचे रुमाल

दसरा उलटला आणि दिवाळी तोंडावर आली, म्हणजे घरोघरीं झाडलोट निघते. माळ्यावरचीं तांब्यापितळेचीं भांडीं खालीं येतात, चिंच लावून उजळलीं जातात आणि पुन्हां वर जातात. त्या भांड्यांच्या मागें, कोपऱ्यांत, मळकट फडक्यांत बांधलेलें एखादें गांठोडें जुन्या घरांतून बहुधा असतेंच. त्याचें काय करावयाचें, हा विचार दरवर्षीं पुढच्या वर्षावर टाकला जातो. या महिन्यांत आम्ही वाचकांशीं बोलणार आहों तें त्या गांठोड्याविषयीं, आणि तें ज्यानें बांधून ठेविलें त्या पुरुषाविषयीं.

निमित्त घडलें तें असें. बीड जिल्ह्यांत गोदेच्या कांठीं आमच्या परिचयाचें एक जुनें कुळकर्णी घराणें आहे. चार भावांचें कुटुंब. कोणी पुण्यास, कोणी संभाजीनगरास, एक परदेशीं. गांवच्या वाड्यांत थोरल्या काकू तेवढ्या राहिलेल्या. गेल्या वर्षीं वाटणी ठरली. जमीन मोजून झाली, वाड्याचे कागदावर चार तुकडे पडले, घंगाळें आणि हंडे वजन करून वाटले. शेवटीं माळ्यावरून तीन रुमाल निघाले. आंतील कागद मोडी. ते कोणासच वाचतां येईनात. धाकट्या पुतण्यानें रद्दीवाल्यास बोलावण्याची गोष्ट काढली, आणि त्यांत त्याचा तरी काय दोष? ज्याचा अर्थ कळत नाहीं त्याचें मोल कसें कळावें? थोरल्या काकू मात्र दारांत येऊन उभ्या राहिल्या. "भांडीं न्या, पण मामंजींनीं जपलेले कागद माझ्या देखत घराबाहेर जायचे नाहींत," एवढेंच त्या म्हणाल्या. रुमाल राहिले. ही हकीकत ऐकल्यापासून आमच्या मनांत जे विचार आले ते येथें मांडीत आहों.

इंग्लंड-अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकांत एका विशिष्ट प्रकारचा गृहस्थ ठिकठिकाणीं आढळतो. शेती हा त्याचा धंदा; चार लोक मानतात म्हणून तो आपल्या परगण्याच्या सभेवर किंवा प्रांताच्या विधिमंडळावर निवडून जातो; आणि केंस पांढरे झाले म्हणजे लेखणी हातीं घेऊन आपल्या परगण्याचा इतिहास लिहितो. कोणतें घराणें कोठून आलें, पहिली गिरणी कोणीं बसविली, कोणत्या सालच्या पुरांत पूल वाहून गेला, असल्या गोष्टी त्यांत असतात. मोठे इतिहासकार त्याची गणना पंडितांत करीत नाहींत. पण त्याच्या ग्रंथावांचून त्यांचें चालतही नाहीं.

आपल्याकडे ही चाल उशिरां आली. बुलढाण्याचे वकील यादव माधव काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' १९२४ सालीं निघाला. न्यायखात्यांत आयुष्य घालविलेल्या नारायण गोविंद चापेकरांनीं आपल्या बदलापूर गांवचें समग्र वर्णन १९३३ सालीं ग्रंथरूपानें दिलें. बीड शहराच्या 'तारीखा' तेथील विद्वानांनीं उर्दूंत लिहिल्या आहेत. परंतु एकोणिसाव्या शतकांत बीडकडच्या खेड्यापाड्यांत असा शेतकरी, कारभारी आणि इतिहासकार कोण होऊन गेला, असें कोणीं विचारलें, तर छापील ग्रंथांच्या कपाटाकडे बोट दाखवितां येत नाहीं. यावरून तो झालाच नाहीं असें अनुमान काढणें चुकीचें होईल. तो झाला, एक नव्हे, गांवोगांव झाला. त्याचें लिहिलेलें छापलें गेलें नाहीं, इतकेंच. गांवचा पाटील-कुळकर्णी आणि परगण्याचा देशमुख-देशपांडे हाच तो पुरुष होय. त्याच्या एका आयुष्यांत तीन आयुष्यें कशीं नांदत होतीं, तें पाहूं.

पहिलें आयुष्य शेताचें. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, दक्षिणेस मांजरा आहे, आणि मध्यें बालाघाटाची रांग पसरली आहे. गंगथडीची काळी जमीन आणि घाटावरचें मुरमाड रान यांचा स्वभाव अगदीं निराळा; पण डोळे आभाळाकडे लावून बसणें दोहोंकडे सारखेंच. वतनदार कितीही मोठा असला तरी त्याचें पोट इनाम जमिनीवर आणि रयतेच्या खळ्यांतून येणाऱ्या हक्कावर अवलंबून असे. पाऊस लागला तर हक्क. नाहीं लागला तर कागदावरचा हक्क कागदावरच. म्हणून त्याच्या लिखाणांत पावसाची नोंद येते ती हौसेनें नव्हे. बीडची खजाना विहीर सोळाव्या शतकांत निजामशाहीच्या काळीं बांधली गेली, आणि ती बांधविणाऱ्या सलाबतखानाचें नांव पुस्तकांतून मिळतें. परंतु एखाद्या विहिरीच्या वा पाटाच्या पाण्याच्या पाळ्या कोणाकोणाच्या होत्या, पाट कोणीं उपसावयाचा, कोणत्या सालीं पाणी आटलें, हें पुस्तकांत नसतें. तें सांपडलें तर अशाच घरच्या कागदांत सांपडावयाचें.

दुसरें आयुष्य चावडीचें. आज राजकारण म्हटलें कीं सभा आणि मतपेट्या डोळ्यांपुढें येतात. त्या वतनदाराचें राजकारण एवढेंच कीं, वरून येणारी मागणी आणि खालचें रिकामें खळें यांच्यामध्यें उभें राहून दोहोंस तोडून द्यावयाचें. बीडकडे हें काम फार बिकट होतें. हा मुलूख निजामाचा. पण १७१९ च्या सनदांप्रमाणें चौथाई आणि सरदेशमुखी हे मराठ्यांचे हक्कही त्यावर बसलेले. एकाच खळ्यावर दोन सरकारांचे कमाविसदार! या दुअमलींत गांव ओस पडे, मग कौल देऊन माणसें परत आणावीं लागत. गेवराई तालुक्यांतील राक्षसभुवन येथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं पेशव्यांची आणि निजामाची लढाई झाली. एका बाजूस थोरले माधवराव आणि राघोबादादा. दुसऱ्या बाजूस निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर, जो त्या दिवशीं रणांत पडला. दोन्ही बाजूंस मराठी बोलणारी, एकाच पंक्तीस बसणारीं माणसें. मग त्या रात्रीं आसपासच्या गांवांतील कुळकर्ण्यानें विजय कोणाचा लिहावा? बहुधा त्यानें पिकाची नासाडी लिहिली असेल.

हीच ओढाताण पुढें एकोणिसाव्या शतकांतही चालू राहिली. १८१८ सालीं पुण्यांत पेशवाई संपली. बीडकर मात्र निजामाचे रयत म्हणूनच राहिले. त्याच वर्षीं बीड प्रांतांत धर्माजी प्रतापराव यांनीं निजाम सरकाराविरुद्ध उठाव केला. सदर्लंड नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालील फौजेनें तो मोडला आणि धर्माजी व त्यांचे बंधु पकडले गेले. एवढें इतिहास सांगतो. परंतु त्यांस दाणावैरण कोणत्या गांवांनीं पुरविली, कोणत्या पाटलाच्या घरीं रात्रीं खलबत झालें, आणि उठाव मोडल्यावर त्या गांवांनीं कोणता दंड सोसला, हें फौजेच्या अहवालांत कोठून येणार? फौज निघून जाते. गांवास तेथेंच राहावें लागतें.

मग १८५३ सालीं सालारजंग हैदराबादचे दिवाण झाले. त्यांच्या आधीं परगणेच्या परगणे मक्त्यानें दिले जात, आणि मक्तेदार व सावकार मिळून रयतेस पिळून काढीत. सालारजंगांनीं ती पद्धति हळूहळू मोडली आणि १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी करून पगारी अंमलदार नेमले. देशमुख-देशपांड्यांचें वसुलीचें काम गेलें. त्याबद्दल त्यांस रोख रुसूम बांधून मिळाला. घरीं बसून रुसूम मिळूं लागला हें सुख खरें. पण सत्ता गेली. एक पिढी कारभार करीत होती, तिच्या मुलांना आतां कारभार आठवावा लागला. आमचा तर्क असा कीं, जुने कागद नीट लावून, पूर्वजांची हकीकत सांगून ठेवण्याची बुद्धि अशाच वेळीं माणसास होते. गांवचा कुळकर्णी मात्र पटवारी या नांवानें कामावर कायम राहिला. वर सरकारदरबारची भाषा आधीं फारशी होती, १८८० नंतरच्या दशकांत उर्दू झाली. खालीं गांवांत बोरू चालला तो मराठींतच, मोडी लिपींत.

हा बोरू हेंच त्याचें तिसरें आयुष्य. त्यानें 'इतिहास' असें नांव देऊन कांहीं लिहिलें नाहीं. त्यानें लिहिलीं जमाखर्चाचीं पत्रकें, जमिनीचे झाडे, घराण्याच्या वंशावळी, आणि तंटा उभा राहिला म्हणजे कैफियती व करीने. होळीची पोळी आधीं कोणाची, पोळ्याच्या दिवशीं वेशींतून पुढें बैल कोणाचे, लग्नांत विडा कोणास, यांवरून पिढ्यान् पिढ्या वाद चालत, आणि त्यांच्या निवाड्यांसाठीं गोत बसे. आज आपणांस हे वाद हास्यास्पद वाटतील. परंतु त्यांतच सारा गांव बोलतो. गोताच्या महजरावर अक्षर न येणारा आपल्या धंद्याची खूण करी. पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू, सुतार-लोहारांचीं त्यांचीं त्यांचीं हत्यारें. आणि बाईमाणसाची बांगडी. ती बांगडी पाहून आम्हांस नेहमीं गहिंवर येतो. जिचें नांव वंशावळींत 'अमक्याची स्त्री' एवढेंच आलें, तिनें दत्तक घेतांना, जमीन सोडवितांना, भाऊबंदांपुढें उभें राहून ही वाटोळी खूण उठविली. आणि ती आपल्यापर्यंत पोंचली.

या प्रांतांत लिहून ठेवण्याची चाल मुळांतच जुनी आहे. अंबाजोगाईस यादव राजा सिंघण याचा सेनापति खोलेश्वर याच्या घराण्याचे शिलालेख आहेत, ग. ह. खरे यांनीं ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतील शके ११६२ (इ. स. १२४०) च्या लेखावरून कळतें कीं, खोलेश्वराचा पुत्र राम हा गुजरातच्या स्वारींत पडला, तेव्हां त्याची बहीण लक्ष्मी हिनें भावाच्या स्मरणार्थ देऊळ बांधलें. त्याच अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आजही जतन केलेली आहे. कापडाच्या लांबच लांब पट्टीवर त्या सत्पुरुषानें पंचीकरण लिहिलें. दासोपंतही मूळ देशपांड्यांच्या घरचे. वसूल वेळेवर भरला न गेल्यामुळें बेदरच्या बादशहानें त्यांस लहानपणीं ओलीस ठेविलें, अशी कथा त्यांच्या चरित्रांत आहे. वतनदाराचें दुहेरी दुःख त्या कथेंत पुरतें उतरलें आहे.

आतां हे घरचे कागद खरोखर कोणाच्या उपयोगीं पडतात काय, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं देऊन ठेविलें आहे. १८९८ सालीं त्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढें बावीस खंड झाले. त्यांतील पुष्कळसा मजकूर सरकारी दप्तरांतून आला नाहीं. तो वाडे, मठ आणि माळवदें यांतून, पेटाऱ्यांच्या तळांतून आला. बीडच्या पाटांगणावर त्यांस ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. एकनाथांनीं शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, ही पोथी त्याच्याही आधींची आहे असें राजवाड्यांचें मत पडलें आणि १९०९ सालीं त्यांनीं ती छापली. तिच्या प्राचीनत्वाविषयीं पंडितांत पुढें मोठा वाद झाला, आणि सर्वांनीं राजवाड्यांचें म्हणणें मानलें नाहीं. परंतु वाद व्हावयास तरी पोथी शिल्लक असावी लागते. ती कोणीतरी पिढ्यान् पिढ्या फडक्यांत बांधून ठेविली म्हणून होती.

येथें एक फरक ध्यानांत घेण्यासारखा आहे. पुणें-सातारा प्रांताचे कागद पेशवे दप्तरांत एकत्र राहिले, आणि १९३० नंतर सरदेसायांनीं त्यांतील निवडक भाग पंचेचाळीस भागांत छापले. बीडचा मुलूख पडला निजामाच्या राज्यांत. त्याचें सरकारी दप्तर हैदराबादेस, आणि तेंही बव्हंशीं फारशी-उर्दूंत. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत आलें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. राज्य तीनदां बदललें, दप्तरें फिरलीं. अशा स्थितींत मराठींत लिहिलेली गांवची बाजू राहिली ती मुख्यतः घरांतच. म्हणून बीडकरांच्या माळ्यावरील रुमालाची किंमत पुणेकरांच्या रुमालाहून अधिक आहे, कमी नाहीं.

एवढें सांगितल्यावर एक कटु गोष्टही सांगितली पाहिजे. ती टाळली तर हा लेख पूर्वजांची आरती होईल. हा इतिहासकार निःपक्षपाती नव्हता. तो स्वतः वादी किंवा प्रतिवादी होता. करीना लिहावयाचा तो आपला हिस्सा सिद्ध करण्यासाठीं. मग त्यांत भाऊबंदाचा पराक्रम कशाला येईल? बनावट कागदही होत. आणि ज्याच्या हातीं लेखणी, त्याच्या हातीं अक्षर न येणाऱ्याचें शेतही होतें. महात्मा फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत कुळकर्ण्याच्या लेखणीवर कठोर प्रहार आहेत. ते वाचून आपल्या वर्गांतील पुष्कळांस तेव्हां राग आला, आजही येतो. परंतु त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं 'गांवगाडा' लिहिला, तेव्हां महसूल खात्याच्या अनुभवावरून त्यांसही गांवच्या वतनी कारभाराचे दोष झांकतां आले नाहींत. रुमाल उघडणारानें ही तयारी ठेविली पाहिजे. आंत पणजोबांची शहाणीव सांपडेल, तशी एखाद्या कुणब्याच्या जमिनीची ती नोंदही सांपडेल जी वाचून मान खालीं जावी. दोन्ही ठेवावयाच्या. आपल्यास सोयीचे तेवढे कागद राखून बाकीचे चुलींत घालणें म्हणजे पूर्वजांचा मान राखणें नव्हे. तें त्यांचें काम अर्धें जाळणें होय.

हे कागद केवळ हौसेचे नाहींत, हें अलीकडेच साऱ्या महाराष्ट्रानें पाहिलें. २०२३ सालीं राज्य शासनानें न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली आणि मराठवाड्यांतील निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी वाचणारांस एकाएकीं मागणी आली. त्या प्रश्नाच्या वादांत पडणें हें या सदराचें काम नव्हे. आम्हांस दिसलें तें इतकेंच कीं, शंभर वर्षांपूर्वीं कोणा पटवाऱ्यानें सहज लिहिलेला एक शब्द आज एखाद्या मुलाच्या शिक्षणाशीं जाऊन भिडतो. ज्या कागदाचा अर्थ आपणांस लागत नाहीं, त्यांत कोणाचें काय अडकलें आहे हें आपण कसें ठरवावें?

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. रुमाल उघडावा तो कोरड्या दिवशीं, दिवसाउजेडीं, स्वच्छ पंचा अंथरून. कागद ज्या क्रमानें निघतील तो क्रम मोडूं नये. बांधणाराची व्यवस्था त्या क्रमांतच असते. जुना हातकागद चिवट असतो आणि काजळाची शाई सहसा उडत नाहीं. त्यांचे खरे शत्रु ओल, वाळवी आणि कसर. म्हणून ओल्या फडक्यानें पुसूं नये, मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. फाटलें तेथें चिकटपट्टी लावूं नये, आणि प्लॅस्टिकमध्यें तर मुळींच बंद करूं नये. धुवून सुकविलेलें खादीचें फडकें उत्तम. प्रत्येक पानाचें चित्र हातांतल्या फोनवर काढून घ्यावें, आणि कोणतें पान कोणत्या रुमालांतलें याची यादी करावी. एवढें झालें कीं चार भावांच्या घरीं चार प्रती गेल्या. भांडणाचें कारणच उरलें नाहीं.

कालाचा उलगडा करणें वाटतें तितकें अवघड नाहीं. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन येतो. दक्षिणी फसलींत ५९०. आणि शुहूर सनांत ५९९. वर्षारंभ निरनिराळे असल्यामुळें एखाद्या वर्षाचा फरक पडतो. शुहूर सन अंकांनीं न देतां अरबी शब्दांनीं देत, त्यामुळें नवखा गोंधळतो. 'अर्बा सितैन मया व अलफ' म्हणजे चार, साठ, शंभर आणि हजार, अर्थात् ११६४. त्यांत ५९९ मिळविले कीं १७६३, म्हणजे राक्षसभुवनचें साल. या सनाचें वर्ष मृग लागला कीं सुरू होई, म्हणून त्यास मृगसालही म्हणत. कारभाराचें वर्षसुद्धां पावसाबरोबर उगवे, हें त्या शेतकरी-कारभाऱ्यास शोभण्यासारखेंच आहे.

मोडीविषयीं लोकांच्या मनांत उगाच धास्ती आहे. लिपि नवी आहे, भाषा आपलीच आहे. घरांतील निवृत्त झालेल्या वडील माणसांनीं आणि सुटींत घरीं आलेल्या मुलामुलींनीं रोज तासभर एकत्र बसून अक्षरें गिरविलीं, तर कांहीं महिन्यांत साधें पत्रक वाचतां येऊं लागतें. शिकस्ता लिहिणाराचें हस्ताक्षर अडेल. तेव्हां जाणत्यास विचारावें. ज्यांस कागद सांभाळणें अशक्य आहे त्यांनीं ते रद्दींत न घालतां पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे किंवा राज्याच्या पुराभिलेख विभागाकडे द्यावे. देतांना यादी करून पावती घ्यावी. आपला पूर्वज पावतीवांचून कांहीं देत नसे!

गोदाकांठच्या त्या घराचें पुढें काय झालें, हें सांगून हा लेख पुरा करितों. रद्दीवाल्याची गोष्ट काढणाऱ्या पुतण्याच्याच मुलीनें यंदांच्या उन्हाळ्याच्या सुटींत मोडी शिकण्यास घेतली. थोरल्या काकू शेजारीं बसून जुने शब्द सांगत. पहिला रुमाल अगदीं नीरस निघाला, सारा जमाखर्च. मुलगी कंटाळली. मग शके १८२१ च्या एका पानाच्या समासांत बारीक अक्षरांत कांहीं लिहिलेलें तिला दिसलें. तें साल मोठ्या दुष्काळाचें, म्हणजे इ. स. १८९९. मजकूर एवढाच कीं, पाऊस नाहीं, गुरें सोडून दिलीं. पुढें पुन्हां जमाखर्च, पण त्या पानापासून अक्षर दुसऱ्या हाताचें आहे. पहिल्या हाताचें काय झालें तें अजून त्यांस कळलेलें नाहीं. दोन रुमाल वाचावयाचे राहिले आहेत.

हें त्या मुलीनें फोनवरून चारही घरीं कळविलें. वाटणीनंतर कित्येक महिने जे भाऊ एकमेकांशीं बोलले नव्हते, ते त्या रात्रीं, सोडलेल्या गुरांबद्दल आणि न कळलेल्या त्या हाताबद्दल, बराच वेळ बोलत होते. या दिवाळींत चौघेही गांवीं जाणार आहेत असें काकूंचें पत्र आहे. आमच्या वाचकांच्या माळ्यावर असा एखादा रुमाल असेल, तर भांडीं खालीं काढतांना तोही खालीं काढावा, आणि आंत काय निघालें तें आम्हांस अवश्य कळवावें.